गाडी हळू चालवतानाच का डगमगते?

गणेशोत्सवात मंडळांच्या स्पर्धा सुरू झाल्या, की संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा यांच्या जोडीला ‘स्लो सायकल’ची शर्यत हमखास असते. नियम साधा. पाय टेकायचा नाही, चुन्याने आखलेल्या पट्ट्याबाहेर जायचे नाही आणि जो सर्वांत शेवटी पोहोचेल तो पहिला. एरवी शाळेपर्यंत सायकल भरधाव दामटणारी मुले या शर्यतीत चार-पाच मीटरमध्येच बाद होतात. वेग वाढवायला फारसे कसब लागत नाही. वेग कमी करून तोल राखायला लागते, हे त्या छोट्याशा पट्ट्यावर कोणीही न सांगता कळून चुकते.

मोठेपणी मात्र आपण ते विसरतो. मोटारसायकल घेताना आपण विचारतो, ती किती पळते आणि लिटरला किती चालते. शहरात गाडी चालवणाऱ्याचा बराचसा वेळ प्रत्यक्षात जातो तो सिग्नलच्या रांगेत, बसच्या मागे मुंगीच्या पावलांनी सरकण्यात, सोसायटीच्या फाटकातून वळून आत शिरण्यात आणि अरुंद रस्त्यावर गाडी मागे फिरवण्यात. म्हणजे रोजच्या रोज आपण स्लो सायकलचीच शर्यत खेळत असतो. फरक एवढाच, की इथे गाडी शंभर-दीडशे किलोची असते, मागे कोणीतरी बसलेले असते आणि चुन्याच्या पट्ट्यापलीकडे बसचे मागचे चाक असू शकते.

मला याची जाणीव एका अपघाताने झाली. खरे तर अपघात हा शब्दही त्याला मोठा वाटावा. आईला मागे बसवून बँकेतून घरी परतत होतो. रस्ता मोकळा पाहून गाडी उलट दिशेला वळवायला घेतली. वेग माणसाच्या चालीएवढा. अर्ध्या वळणात हँडल क्षणभर अडल्यासारखे झाले, मी ते जोर लावून सरळ करायला गेलो आणि पुढच्या क्षणी आम्ही दोघे रस्त्यावर होतो. मला खरचटलेही नाही. आईने मात्र पडताना हात टेकला होता. तिच्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर राहिले. ‘इतक्या हळू चालवताना कशी पडली गाडी?’ असे भेटणारा प्रत्येक जण विचारत होता. ‘तोल गेला’ एवढेच उत्तर माझ्यापाशी होते. ते खोटे नव्हते. पण अपुरे होते, हे पुढे समजले.

तोल राखते कोण?

दुचाकी उभी राहते ती चाके भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. भोवरा फिरेपर्यंत उभा राहतो, गती मंदावली की लवंडतो. तसेच दुचाकीचेही असावे, हे पटण्याजोगे आहे. या समजुतीची परीक्षा डेव्हिड जोन्स या ब्रिटिश संशोधकाने घेतली. त्याने सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारे दुसरे चाक बसवले आणि ते उलट दिशेने फिरवले. दोन्ही चाकांचे भोवरा-गुण एकमेकांना छेदून जातील आणि सायकल चालवता येणार नाही, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जोन्सने ती सहज चालवली. १९७० साली ‘फिजिक्स टुडे’ या नियतकालिकात त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. हात सोडल्यावर ती सायकल लवकर पडत असे, म्हणजे भोवरा-गुणाचा वाटा काहीच नाही असे नव्हे. पण स्वार हँडल धरून बसलेला असताना तोलाचे मुख्य काम दुसरेच कोणी करत असते.

ते काम हँडल करते. तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ आठवून पाहा. काठी डावीकडे कलली, की आपण हात डावीकडे नेतो आणि काठीचा बुंधा पुन्हा तिच्या वजनाखाली आणतो. दुचाकीचेही नेमके असेच आहे. गाडी डावीकडे कलू लागली, की हँडल किंचित डावीकडे वळते, चाके कललेल्या वजनाखाली येतात आणि गाडी सावरते. मग ती उजवीकडे कलते, हँडल उजवीकडे वळते. सरळ रस्त्यावर सरळ चाललेली गाडी प्रत्यक्षात सतत पडत आणि सतत सावरत असते. फक्त हे पडणे-सावरणे इतके बारीक असते, की ते आपल्या लक्षात येत नाही. रस्त्यातल्या पाण्यातून गेल्यावर मागे उमटणारी चाकाची नागमोडी रेघ पाहिली, की खात्री पटते.

गाडी पुरेशा वेगात असेल, तर हे सावरणे ती पुष्कळसे स्वतःच करते. २००७ साली मायार्ड, पापाडोपुलोस, रुइना आणि श्वाब या चौघा संशोधकांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सायकलच्या गतीची समीकरणे नव्याने तपासून मांडली. त्यांनी नमुना म्हणून घेतलेली सायकल ताशी सुमारे साडेपंधरा ते पावणेबावीस किलोमीटर या वेगमर्यादेत कोणी हँडल न धरताही आपोआप उभी राहते, असे त्या गणितातून निघाले. त्याखालच्या वेगात मात्र तिचे हेलकावे कमी होण्याऐवजी वाढत जातात आणि ती पडते. मोटारसायकलचे आकडे वेगळे असतील, तत्त्व तेच. एका ठरावीक वेगापर्यंत गाडी स्वारावर अवलंबून असते आणि त्यापुढे ती त्याला सांभाळून घेते. आपण हळू जातो, तेव्हा तोलाची सगळी जबाबदारी गाडी मुकाट्याने आपल्या हाती सोपवत असते.

निम्मा वेग, चौपट हँडल

ही जबाबदारी जड का वाटते, हे एका ढोबळ हिशेबाने स्पष्ट होईल. वळणात गाडीला सावरणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला, तर हँडल तेवढेच वळवून मिळणारे बल एक चतुर्थांश उरते. म्हणून पूर्वीइतकेच सावरण्यासाठी हँडल चौपट वळवावे लागते. ताशी ४० किलोमीटर वेगात जे काम हँडल एक अंश वळवून होते, त्यासाठी ताशी २० किलोमीटरला चार अंश आणि ताशी १० किलोमीटरला सोळा अंश लागतात. ताशी ५ किलोमीटरला हाच हिशेब चौसष्ट अंशांवर जातो. एवढे तर बहुतेक मोटारसायकलींचे हँडल वळतच नाही. याचा अर्थ असा, की चालीच्या वेगात मोठा झोक सावरण्याची ताकद हँडलात उरलेलीच नसते. झोक लहान असतानाच तो ओळखून, वेळेवर आणि मोकळ्या हाताने हँडल वळवले, तरच गाडी उभी राहते.

वळणाचेही असेच. ताशी १० किलोमीटर वेगात तीन मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे, तर गाडी सुमारे पंधरा अंश कलवावी लागते. ताशी ५ किलोमीटरला त्याच वळणासाठी चार अंशांहूनही कमी झोक पुरतो. त्या वेगात गाडी पंधरा अंशांपर्यंत कलली, तर तिला धरून ठेवणारे बल जागेवर नसते आणि ती सरळ खाली बसते. मध्येच इंजिन बंद पडले किंवा घाबरून ब्रेक दाबला, की वळणात गाडी हटकून पडते ती याच कारणाने. झोक ताशी १० किलोमीटरचा असतो आणि वेग अचानक शून्य होतो.

इथे आणखी एक गंमत आहे. गाडी डावीकडे वळवायची तर ती आधी डावीकडे कलायला हवी. आणि ती डावीकडे कलावी म्हणून चाके क्षणभर उजवीकडे जावी लागतात. विमानाचे जनक राइट बंधू मूळचे अमेरिकेतील डेटनचे सायकल व्यावसायिक. डावीकडे वळण्यापूर्वी आपण हँडल आधी किंचित उजवीकडे नेतो, हे बहुतेक सायकलस्वारांना ठाऊकच नसते, अशी नोंद विल्बर राइट यांनी केली होती. हमरस्त्यावर वेगात असताना वळणाचा बराचसा खेळ या उलट्या दाबावर चालतो. मंद वेगात तो उलटा झटका इतका लहान व क्षणिक असतो, की तो जाणवतच नाही. आपल्याला जाणवते ते त्यानंतरचे, वळणाच्या दिशेने हँडल भरपूर वळवणे. त्यामुळेच वेगात सफाईने वळणारा स्वार फाटकाशी मात्र अडखळतो. एकाच हँडलाच्या या दोन निरनिराळ्या सवयी आहेत आणि पहिली आली म्हणून दुसरी येतेच असे नाही.

हँडलाची ‘बोली’

अनुभवी मंडळी गाडीबद्दल बोलताना ‘हँडल हलके आहे’, ‘हँडल बोलते’, ‘हँडल जड लागते’ असे शब्द वापरतात. ही नुसती हौशी भाषा नाही. त्यामागे गाडीची ठेवण असते.

पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, तिरपा असतो. रोजच्या वापरातल्या गाड्यांत हा तिरपेपणा साधारणपणे पंचवीस ते सत्तावीस अंशांच्या आसपास आढळतो. हँडल ज्या अक्षाभोवती वळते, त्याची रेघ कल्पनेने जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात आणि ते बहुतेक मोटारसायकलींत शंभर मिलिमीटरच्या आगेमागे असते. ऑफिसातल्या खुर्चीची छोटी चाके खुर्ची ढकलली की आपोआप मागे वळून सरळ होतात, तसे ट्रेलमुळे पुढचे चाक धावताना सरळ होऊ पाहते. रस्ता कसा आहे, टायर कितपत धरून आहे, याची खबर तळहातापर्यंत पोहोचते तीही बरीचशी याच मार्गाने.

हाच ट्रेल मंद वेगात वेगळे रूप दाखवतो. फोर्क तिरपा असल्याने हँडल वळवले, की गाडीचे नाक किंचित खाली बसते. म्हणजे एकदा वळलेले हँडल आपल्या वजनाने आणखी आत पडू पाहते. फोर्क जितका अधिक तिरपा आणि ट्रेल जितका जास्त, तितकी ही ओढ मोठी. लांब, तिरप्या फोर्कच्या क्रूझर गाड्या महामार्गावर स्थिर वाटतात. मात्र वाहनतळात त्यांचे हँडल हातातून निसटून आत पडल्यासारखे वाटते, ते यामुळे. हा दोष नव्हे, ती निवड आहे. गाडी घेताना दुकानाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर पिळून पाहण्याऐवजी एकदा अरुंद जागेत वळवून पाहिली, तर ही निवड आपल्याला मानवते का, ते लगेच कळते.

ट्रेल आणि भोवरा-गुण हेच काय ते तोलाचे रहस्य, असे मात्र समजू नये. २०११ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल या विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एका चमत्कारिक सायकलची माहिती दिली. तिच्यात भोवरा-गुण उलट्या चाकांनी नाहीसा केला होता आणि ट्रेल किंचित उणे ठेवला होता; तरीही ढकलून सोडल्यावर ती स्वतःला सावरत असे. तिच्या पुढच्या भागातले वजन हँडलाच्या अक्षापुढे आणि खाली ठेवले होते. सायकल कलली, की पुढचा भाग आधी पडू पाहे आणि हँडल झोकाच्या दिशेने वळवी. हे साध्य करण्याच्या वाटा अनेक आहेत. पण गाडी कलली की हँडल त्या दिशेला वळायलाच हवे, या नियमाला अपवाद नाही. उरलेल्या लेखाचे सार यातच आहे. वळू पाहणाऱ्या हँडलाला जे जे अडवते, ते ते गाडी पाडते.

अडवणारे पहिले: कोनसेट

आईचे प्लास्टर निघाल्यानंतर काही आठवड्यांनी गाडी एका वेगळ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने गाडी मुख्य स्टँडवर घेतली, मागे वजन देऊन पुढचे चाक उचलले आणि मला हँडल एका बोटाने हलवायला सांगितले. डावीकडून उजवीकडे येताना मधोमध, चाक अगदी सरळ असताना, ते ‘टक्’ करून एका खाचेत बसल्यासारखे झाले. ‘साहेब, कोनसेट गेलाय,’ तो म्हणाला.

गॅरेजमध्ये ज्याला कोनसेट म्हणतात, ते म्हणजे हँडलाच्या खांबाच्या वर-खाली असलेल्या बेअरिंगच्या वाट्या आणि त्यांतल्या पोलादी गोळ्या. काही गाड्यांत गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असतात. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा तो दणका फोर्कमधून थेट या गोळ्यांवर येतो. खड्ड्यात शिरताना चाक बहुधा सरळच असते. त्यामुळे प्रत्येक दणका गोळ्यांच्या त्याच जागेवर बसतो आणि वाट्यांना तिथेच बारीक खळगे पडतात. ज्या जागी हँडल सर्वांत मोकळे असायला हवे, नेमके तिथेच ते अडू लागते. आपल्या रस्त्यांवर हे घडायला फार काळ लागत नाही.

वेगात हा बिघाड लपतो, कारण तिथे हँडल एखाद्या अंशाचेच काम करत असते आणि चाकाची स्वतःची ओढ खळग्यावर मात करते. मंद वेगात मात्र हँडल मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे फिरवावे लागते. प्रत्येक वेळी ते खाचेत अडते, आपण जोर लावतो, ते खाचेतून सुटून गरजेपेक्षा जास्त वळते आणि गाडी दुसरीकडे झुकते. स्वाराला वाटते, आज आपला हात बसत नाही.

माझ्या गाडीत आणखी एक भर पडली होती. ब्रेक लावताना पुढून ‘खट्’ असा आवाज येतो, अशी तक्रार मी आधीच्या गॅरेजमध्ये केली होती. तिथे वाट्या न उघडता वरची नटच घट्ट आवळून देण्यात आली. आवाज थांबला, मी समाधानाने पैसे दिले. आवळलेल्या नटीने हँडल जड झाले होते, ते मला ‘गाडी घट्ट बसली’ असे वाटले. कोनसेट सैल असला तर ब्रेक लावताना पुढचा भाग खटखटतो. फाजील आवळला तर गाडी सरळ चालवताना नशा केल्यासारखी सावकाश डोलते. दोहोंच्या मधला ताण साधणे हे काम आहे, आवाज बंद करणे नव्हे.

ही परीक्षा कोणालाही घरी करता येते. गाडी मुख्य स्टँडवर घ्यावी, कोणाला तरी मागे दाबून धरायला सांगून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल मधून किंचित ढकलून सोडावे. ते आपल्या वजनाने, कुठेही न अडता, दोन्ही बाजूंना सारखे पडत गेले पाहिजे. मग फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवून पाहावीत. खडखड लागता कामा नये. हँडल एखाद्या बाजूला परत उसळत असेल, तर दोष कोनसेटमध्ये नसून क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या ताणल्या गेलेल्या केबलमध्ये असू शकतो. मोबाइल ठेवण्याचा स्टँड किंवा नंतर बसवलेले जादा दिवे यांच्या वायरीही पूर्ण वळणात हँडल ओढतात.

हवा, टायर आणि ओझे

दुसरे कारण त्याहून साधे आणि म्हणूनच दुर्लक्षित: पुढच्या चाकातली हवा. पंक्चर मागच्या चाकाचे जास्त होते, वजनही मागेच अधिक. त्यामुळे पंपावर आपण मागची हवा पाहतो आणि पुढची राहून जाते. हवा कमी झाली, की टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि मंद वेगात हँडल वळवायला जड जाते. कंपनीने सांगितलेला दाब माहितीपुस्तिकेत आणि बहुधा गाडीवरच्या पट्टीवरही छापलेला असतो. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, तो तपासला तर पुष्कळ तक्रारी गॅरेजला न जाताच मिटतात. हौसेने रुंद टायर बसवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. गाडीच्या मूळ ठेवणीसाठी योजलेला टायर बदलला, की हँडलाची बोलीही बदलते. मागचा टायर मधोमध झिजून चपटा झाला असेल, तर गाडी वळताना आधी अडते आणि मग एकदम कलते.

तिसरे ओझे. मागे बसलेल्या माणसाचे वजन मागच्या चाकाच्या जवळपास असते. त्याने पुढचे चाक हलके होते आणि हँडलातून येणारी रस्त्याची खबर पुसट होते. साडी नेसलेली स्त्री एका बाजूला पाय सोडून बसते, तेव्हा वजन मध्यरेषेवर राहत नाही. सरळ जाण्यासाठी गाडी किंचित उलट बाजूला झुकवून चालवावी लागते. हे आपण नकळत करतो. पण उलट दिशेच्या अरुंद वळणात तो हिशेब एकदम बदलतो. जुन्या स्कूटरच्या स्वारांना याची सवय होती. व्हेस्पाच्या घराण्यातल्या चेतकसारख्या स्कूटरचे इंजिन उजव्या बाजूला असे, त्यामुळे वजन एका अंगाला असण्याशी त्यांची जन्माची ओळख होती. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना समान टांगणारा गवळी हे शास्त्र पुस्तकाविना जाणतो. हँडलाला भाजीच्या पिशव्या अडकवणारे आपणच ते विसरतो. हँडलाला टांगलेली पिशवी प्रत्येक वळणात लंबकासारखी झुलते आणि ज्या अवयवाला मोकळीक हवी, त्यालाच ओढत राहते.

हात सैल, नजर लांब

गाडी निर्दोष असली, तरी हँडल अडवणारा शेवटचा घटक उरतोच. तो म्हणजे आपले स्वतःचे हात. डगमगू लागले, की माणूस घाबरून मुठी आवळतो आणि कोपर ताठ करतो. म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी तो आपल्या हातांनी कोनसेट आवळतो. गुडघ्यांनी टाकी धरून शरीराचा भार पायांवर आणि सीटवर ठेवावा, हातांवर नव्हे. हँडल पक्ष्याला धरावे तसे धरावे.

वेग टिकवणे ही दुसरी गोष्ट. मंद वेगात गाडीला सलग, बारीक ओढ हवी. क्लच अर्धवट सोडून, अॅक्सिलरेटर किंचित स्थिर ठेवून आणि मागचा ब्रेक हलकेच लावून वेग आवरावा. इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा अटकाव यांच्यामध्ये ताणलेली गाडी दचके न देता सरकते. विजेवरच्या आणि गिअरविरहित स्कूटरला क्लच नसतो; तिथे हे काम मागच्या ब्रेकवर आणि मनगटाच्या हळुवारपणावर येते. वळलेल्या हँडलात पुढचा ब्रेक मात्र लावू नये. वजन एकदम पुढे येते, वळलेले चाक जागीच थांबते आणि गाडी आतल्या बाजूला कोसळते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान एकत्रित ब्रेक यंत्रणा बंधनकारक झाली. या यंत्रणांनी वेगातले घसरणे कमी होते. चालीच्या वेगातला तोल त्या राखत नाहीत. उलट एकत्रित ब्रेकच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला, की पुढचाही काही अंशी लागतो. अशी गाडी वळवताना पाय किंवा बोट अधिकच हलके असावे.

तिसरी गोष्ट नजरेची. पुढच्या चाकापाशी पाहणाऱ्याला झोक उशिरा कळतो. उलट वळण घेताना मान वळवून जिथे पोहोचायचे तिथे पाहावे. हात आपोआप त्या वाटेने जातात. वळण फारच अरुंद असेल, तर गाडी आत कलवून शरीर थोडे बाहेरच्या बाजूला ठेवावे. आणि दोन्ही पाय खाली लोंबकळत ठेवून गाडी चालवण्याची सवय सोडावी. त्याने तोल मिळत नाही. पाय खाली आले, की मागचा ब्रेक सुटतो, गुडघ्यांची पकड सुटते आणि पडत्या गाडीखाली घोटा सापडण्याची शक्यता तेवढी वाढते. थांबायचे ठरल्यावर, हँडल सरळ करून, मग पाय टेकावा.

परीक्षेतला मंद वेग

जपानमध्ये मोटारसायकलचा परवाना घेताना एका अरुंद पट्टीवरून गाडी न्यावी लागते. पट्टी पंधरा मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून पाच सेंटिमीटर उंच. मध्यम गाडीने ती पार करायला किमान सात सेकंद आणि मोठ्या गाडीने किमान दहा सेकंद लावायला हवेत. म्हणजे मोठ्या गाडीसाठी ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपासचा वेग. लवकर पोहोचलात तर गुण जातात, पट्टीवरून उतरलात तर नापास. आपली स्लो सायकलची शर्यतच तिथे सरकारी परीक्षेला बसली आहे.

आपल्याकडेही परवान्याच्या चाचणीत आठचा आकडा काढायला लावतात आणि पाय टेकला की पुन्हा या, असे सांगतात. त्यामागचा हेतू तोच. पण आठचा आकडा आपण चाचणीच्या आदल्या दिवशी, मित्राच्या हलक्या गाडीवर, मागे कोणी नसताना गिरवतो आणि परवाना खिशात पडला की आयुष्यात पुन्हा काढत नाही.

मोटारसायकल बनवणाऱ्या कंपन्यांनाही हा प्रश्न लहान वाटत नाही. होंडाने जानेवारी २०१७ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात स्वतःहून उभी राहणारी मोटारसायकल दाखवली, तेव्हा तिच्यात मोठाले भोवरे बसवले नव्हते. मंद वेगात ती फोर्कची ठेवण बदलते आणि पुढचे चाक यंत्राने बारीक-बारीक डावी-उजवीकडे वळवून तोल राखते. यामाहानेही पुढे ताशी पाच किलोमीटरखालच्या वेगात हँडल आणि पुढचे चाक यंत्राने हाताळून गाडी सावरणारी प्रणाली मांडली. यंत्रालाही शेवटी तेच करावे लागले, जे स्लो सायकलच्या शर्यतीत जिंकणारे पोर करत असते.

रविवारी सकाळी एखादे मोकळे मैदान गाठून, खडूने दोन रेघा मारून किंवा चार विटा ठेवून, पंधरा मिनिटे गाडी शक्य तितकी सावकाश चालवून पाहावी. आधी एकट्याने, मग घरातले कोणी मागे बसवून. कारण आपण पडतो तेव्हा मागे बसलेल्याच्या हाती हँडल नसते, ब्रेकही नसतो. त्याला आधीच सूचनाही मिळत नाही.

माझ्या गाडीचा कोनसेट त्या मिस्त्रीने तासाभरात बदलला. जुन्या वाट्या त्याने माझ्या तळहातावर ठेवल्या. कडेने ओळीत बारीक खळगे दिसत होते, ज्वारीच्या दाण्याएवढेही नव्हेत. त्या मी घरी आणून आईला दाखवल्या. तिने मनगट चोळत त्या निरखल्या आणि विचारले, ‘एवढ्याशाने?’

ती आजही माझ्या मागे बसते. मीही आता महिन्यातून एकदा गाडी स्टँडवर घेऊन हँडल एका बोटाने ढकलून पाहतो. ते कुठेही न अडखळता पडत गेले, तरच तिला बँकेत घेऊन जातो.